तुकडा आणि मधली फट : पॅरासिटॉइड गांधीलमाश्यांच्या विविधतेची पार्श्वभूमी

कीटभृंगन्याय मराठी वाचकाला नवा नाही. कुंभारीण एखादी अळी उचलून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, भोवती गुणगुणत राहते; आणि आतली अळी भीतीने म्हणा की ध्यासाने म्हणा, कुंभारणीचेच रूप घेऊन बाहेर पडते. गंमत अशी की यातले निरीक्षण अगदी चोख आहे. आत अळी गेली हे खरे, बाहेर गांधीलमाशी आली हेही खरे. चुकला तो फक्त मधला दुवा. कुंभारणीने नांगी मारून अळीला लुळे केलेले असते, घरट्यात अंडे घातलेले असते आणि त्यातून निघालेले पिल्लू त्या ताज्या शिध्यावर वाढते. अळीची कुंभारीण होत नाही, अळी संपते.

युरोपातही हीच गफलत झाली, आणि तीही एका कसलेल्या निरीक्षकाच्या हातून. डच चित्रकार यान खुडार्ट अळ्या पाळून त्यांचे रूपांतर रंगवत असे. १६६०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अशी नोंद आहे, की एकाच जातीच्या अळीतून कधी फुलपाखरू निघते, तर कधी बारीक माश्यांचा घोळका. एकाच प्राण्याला दोन तऱ्हांची संतती होत असावी, असे त्याला वाटले. पुढे १७००च्या सुमारास लेव्हेनहूकने माव्याच्या अंगात अंडी घालणारी इवली माशी भिंगाखाली पाहिली आणि खरा प्रकार लिहून ठेवला: ही दुसरीच माशी आहे, आणि तिची पिल्ले माव्याला आतून खातात.

या जीवनपद्धतीला स्वतःचे नाव मिळायला मात्र आणखी दोनशे वर्षे लागली. १९१३मध्ये ओदो रॉयटर या कीटकशास्त्रज्ञाने ‘पॅरासिटॉइड’ हा शब्द आणला. मराठीत आपण सरसकट ‘परजीवी’ म्हणून मोकळे होतो, पण त्यात फरक बुजतो. उवा, गोचिडी, जंत हे खरे परजीवी. यजमान जगला तरच त्यांचे भागते. पॅरासिटॉइडचे तसे नाही. त्याची अळी यजमानाच्या अंगात किंवा अंगावर वाढते आणि वाढ पुरी होईपर्यंत यजमान मेलेलाच असतो. शिकारी प्राणी आयुष्यात अनेक भक्ष्ये मारतो; पॅरासिटॉइडच्या एका पिल्लाला मात्र जन्मभराचे अन्न एकाच यजमानात मिळते. म्हणजे हा परजीवी आणि शिकारी यांच्या मधला प्राणी. प्रौढ माशी बिचारी फुलांतला मकरंद किंवा माव्याचा गोड स्राव चाटून राहते. १८६०मध्ये डार्विनने एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात याच कुळाचे उदाहरण दिले होते. जिवंत अळ्यांना आतून खाण्यासाठी एखाद्या दयाळू निर्मात्याने इक्न्यूमनिड माश्या हेतुपूर्वक घडवल्या असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, असा त्याचा सूर होता.

या माश्या आहेत तरी किती? इक्न्यूमनिड कुळातल्या सुमारे २५,००० जातींची वर्णने झाली आहेत, ब्रॅकोनिड कुळातल्या सुमारे २०,०००, आणि चॅल्सिड या बारीक माश्यांच्या मोठ्या गटातल्या २०,०००हून अधिक. ही फक्त नाव मिळालेल्यांची मोजदाद. ‘सजीवांत सर्वांत जास्त जाती भुंगेऱ्यांच्या’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. २०१८मध्ये अँड्र्यू फोर्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यालाच आव्हान दिले. त्यांचा हिशोब सोपा आहे. जवळपास प्रत्येक कीटकजातीवर कुठली ना कुठली पॅरासिटॉइड माशी असते, आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच यजमानाला धरून असतात. मग गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्यांचा गण भुंगेऱ्यांच्या गणाला मागे टाकतो. या माश्या नजरेआड राहिल्या कारण त्यांचा आकार. यांतल्या मेगाफ्रॅग्मा या माश्यांची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे एकपेशीय पॅरामेशियमच्या आसपास. त्यांच्या मेंदूत तरी जागा किती असणार? प्रौढ होताना त्यांच्या बहुतेक चेतापेशींचे केंद्रकच नाहीसे होते, आणि तरीही माशी उडते, यजमानाची अंडी शोधते, त्यांत आपली अंडी घालते.

आता अशा माशीचे रान तोडून त्याचे तुकडे केले, तर तिचे काय होते? एकाच तुकड्याचे बोट धरून याचे उत्तर सापडत नाही. विज्ञानाने या प्रश्नाकडे पोहोचायला जो वळसा घेतला, तो मला स्वतः प्रश्नाइतकाच रंजक वाटतो.

तुकडे तारक ठरले तेव्हा

सुरुवात झाली गणितातून. १९३५मध्ये ऑस्ट्रेलियात कीटकशास्त्रज्ञ ॲलेक्झांडर निकल्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर बेली यांनी यजमान आणि पॅरासिटॉइड यांच्या संख्येचे समीकरण मांडले. माशी भटकत राहते, दिसेल त्या यजमानात अंडे घालते, इतकीच गृहीते. उत्तर मात्र अडचणीचे आले: दोघांच्या संख्या वर-खाली हेलकावत जातात, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि शेवटी माशी यजमानाला संपवते व स्वतःही संपते. प्रत्यक्ष निसर्गात तर दोघेही लाखो वर्षे नांदत आहेत. मग समीकरणात काय राहून गेले?

राहून गेली होती जागा. समीकरणातले सगळे प्राणी जणू एकाच परातीत होते. १९५८मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल हफेकर यांनी संत्र्यांवर वाढणारे इवले माइट आणि त्यांना खाणारे शिकारी माइट घेऊन प्रयोग केला. हे गांधीलमाश्यांवरचे काम नव्हते, पण त्याचा परिणाम या विषयावर खोल झाला. साध्या मांडणीत शिकाऱ्याने भक्ष्य फस्त केले आणि तो उपाशी मेला. मग हफेकर यांनी संत्र्यांच्या मधे व्हॅसलिनचे बांध घातले आणि भक्ष्य माइटांना धाग्यावर लोंबकळत वाऱ्याने पलीकडे जाता यावे म्हणून लाकडाच्या बारीक काड्या रोवल्या. आता भक्ष्य एक पाऊल पुढे राहू लागले. एका संत्र्यावर ते संपले तरी दुसऱ्यावर नव्याने वाढत होते, शिकारी मागून पोहोचत होता, आणि हा पाठशिवणीचा खेळ पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकला.

रिचर्ड लेव्हिन्स यांचे १९६९चे सूत्र याच वळणाचे. एखाद्या जातीच्या लहान लहान वस्त्या तुकड्यातुकड्यांत असतात. काही विझतात, काही नव्याने वसतात. वसण्याचा वेग विझण्यापेक्षा जास्त असला की जात टिकते. पुढच्या वर्षी त्यांनी याला ‘मेटापॉप्युलेशन’ हे नाव दिले. आज दुर्मीळ प्राण्यांच्या संवर्धनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे सूत्र असते. पण लेव्हिन्स यांचा मूळ प्रश्न नेमका उलटा होता: मोठ्या प्रदेशावर पसरलेली कीड कशी संपवावी? त्यांचा सल्ला असा, की सगळीकडे एकाच वेळी नियंत्रण करा, म्हणजे रिकाम्या झालेल्या तुकड्यात शेजारून पुन्हा कीड येणार नाही. प्राणी वाचवण्याचे शास्त्र प्राणी मारण्याच्या चिंतेतून निघाले, हे फारसे कुणी सांगत नाही.

१९९१मध्ये मायकेल हॅसेल, ह्यू कॉमिन्स आणि रॉबर्ट मे यांनी निकल्सन-बेली यांचेच जुने समीकरण संगणकावर चौकटींच्या पटावर पसरले. प्रत्येक चौकटीत यजमान आणि माशी. पिढीगणिक थोडे शेजारच्या चौकटींत सरकणार. एका चौकटीत जे जुळत नव्हते, ते अनेक चौकटींत जुळले. पडद्यावर यजमान आणि माश्यांच्या संख्यांची चक्राकार वळणे फिरताना दिसू लागली. एकेक चौकट अस्थिर, पण सगळा पट टिकाऊ.

म्हणजे सिद्धान्ताच्या बाजूने पाहिले तर तुकडे हे संकट नव्हतेच. यजमान आणि माशी यांना एकत्र नांदवणारे तेच होते.

मैदानातले उत्तर

दुसऱ्या बाजूने बेटांचा सिद्धान्त येत होता. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७मध्ये मांडले, की बेट जितके लहान आणि किनाऱ्यापासून जितके दूर, तितक्या त्यावर जाती कमी. पाहता पाहता जंगलाच्या उरलेल्या तुकड्यांना ‘बेटे’ म्हणण्याची पद्धत पडली. एक मोठे राखीव वन चांगले की तेवढ्याच क्षेत्राची अनेक छोटी, यावर सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली. त्या वादात बहुधा पक्षी, सस्तन प्राणी आणि वृक्ष मोजले गेले, गांधीलमाश्या क्वचितच. मोजणार तरी कोण? त्यांची नावेच नव्हती.

या काळातली एक मोजणी मात्र वेगळी आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या उपनगरात जेनिफर ओवेन यांनी १९७२पासून तीस वर्षे आपल्या घराच्या बागेतले जीव टिपले. बाग ७४१ चौरस मीटरची, भोवती घरे आणि रस्ते. तिथे त्यांना पाचशेहून अधिक इक्न्यूमनिड जाती मिळाल्या. ब्रिटनमधल्या ज्ञात जातींच्या सुमारे चतुर्थांश, त्यांतल्या काही विज्ञानाला सर्वस्वी नव्या. तुकड्यांत विविधता टिकत नाही म्हणणाऱ्याने ही बाग आठवावी. पण या बागेतच पुढच्या सगळ्या गोंधळाचे बीजही आहे. ओवेन यांच्याकडे मालेझ सापळा होता. स्वीडनच्या रेने मालेझ यांनी आपल्या मोहिमांत पाहिले, की तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात गोळा होतात. त्यावरून त्यांनी जाळीच्या भिंती आणि वर बाटली असलेला सापळा बनवला. उडत्या गांधीलमाश्या पकडायला याच्याइतके चांगले साधन आजही नाही. पण सापळा फक्त एवढेच सांगतो, की माशी इथून गेली. ती याच बागेतल्या अळीतून निघाली की शेजारच्या रानातून फेरफटका मारायला आली, पाहुणी की घरची, हे बाटलीतल्या मृत माशीवरून कळत नाही. त्यासाठी अळ्या गोळा करून, घरी पाळून, त्यांतून काय निघते याची वाट पाहावी लागते. म्हणजे खुडार्टने केले तेच.

१९९४मध्ये जर्मनीत आन्द्रेआस क्र्यूस आणि टेया चार्न्टके यांनी हाच मार्ग धरला. शेतीच्या प्रदेशात त्यांनी लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे अठरा छोटे वाफे लावले. काही कुरणांच्या जवळ, तर काही १०० ते ५०० मीटर अंतरावर. क्लोव्हरच्या देठांत आणि फुलांत राहणारे कीटक दूरच्या वाफ्यांतही बहुतेक सगळे पोहोचले. त्यांच्यावरच्या पॅरासिटॉइड माश्या मात्र मोजक्याच आल्या. दूरच्या वाफ्यांत यजमानांना माश्यांची झळ जवळच्या वाफ्यांच्या तुलनेत अवघी १९ ते ६० टक्के लागली. अर्धा किलोमीटर! माणसाला चालायला सहा-सात मिनिटे. सिद्धान्तातला तुकडा आणि शेतातला तुकडा यांत फरक पडला तो इथे. हफेकर यांच्या संत्र्यांमधे काड्या होत्या. संगणकाच्या पटावर शेजारची चौकट चिकटून होती. तुकडे असणे वेगळे आणि त्यांच्यात फट पडणे वेगळे. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाची किल्ली हीच: माशीला तुकडा मारत नाही, मधली फट मारते. आणि फट किती रुंद, हे प्रत्येक माशी आपल्या मापाने ठरवते.

वरच्या मजल्यावरच्यालाच फट का जाचते, याचीही कारणे हळूहळू स्पष्ट झाली. झाड तळमजल्यावर, त्यावरची अळी पहिल्या मजल्यावर, माशी दुसऱ्या. अळीला नुसते झाड हवे. माशीला झाड हवे, त्यावर अळी हवी, ती नेमक्या वयाची हवी आणि आपण आलो तेव्हा हवी. प्रत्येक मजल्यावर संख्या कमी होत जाते आणि चढउतार वाढतो. रॉबर्ट होल्ट आणि इतरांनी हे तर्काने मांडले: अन्नसाखळीत जितके वर आणि जितके एका यजमानाला बांधलेले, तितकी क्षेत्र घटल्याची किंमत जास्त. पण यात आणखी एक पेच खास याच कुळाचा आहे. गांधीलमाश्यांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो. मादीला जोडीदार मिळाला नाही तरी ती अंडी घालते, पण सगळे मुलगेच. विरळ वस्तीत हे वारंवार घडू शकते. शिवाय इक्न्यूमनिड आणि ब्रॅकोनिड कुळांतल्या बऱ्याच जातींत लिंग एकाच जनुकावर ठरते: त्याची दोन वेगळी रूपे आली तर मादी. लहान, एकाकी वस्तीत रूपांची विविधता घटली, की फलित अंड्यांतही दोन सारखी रूपे एकत्र येतात आणि मादीऐवजी बहुधा वांझ नर निपजतो. अम्रो झायेद आणि लॉरेन्स पॅकर यांनी २००५मध्ये दाखवले, की या एका गोष्टीने अशा वस्त्यांचा नष्ट होण्याचा धोका कितीतरी वाढतो. माद्या कमी, म्हणून वस्ती लहान, म्हणून रूपे आणखी कमी, म्हणून माद्या आणखी कमी: हा भोवरा आहे. चॅल्सिड माश्या यातून बहुतांशी सुटल्या आहेत, त्यांच्यात लिंगनिश्चिती वेगळ्या रीतीने होते.

क्लोव्हरच्या प्रयोगानंतर मैदानातले पुरावे भराभर आले. कॅनडात अॅल्बर्टाच्या ॲस्पेन जंगलांत जेन्स रोलंड आणि फिलिप टेलर यांनी टेंट कॅटरपिलर या झुंडीने पाने खाणाऱ्या अळीवरच्या चार पॅरासिटॉइड जाती तपासल्या. या गांधीलमाश्या नव्हत्या, दोन पंखांच्या माश्या होत्या, पण धडा तोच. जंगल किती तुटले आहे हे प्रत्येक जातीला वेगळ्या अंतरावरून ‘जाणवत’ होते. मोठ्या माश्यांना मोठ्या पट्ट्यावरून, लहानांना जवळून. १९९७च्या या लेखानंतर ‘तुकड्यांचा माश्यांवर काय परिणाम होतो’ असा एकवचनी प्रश्न विचारणे खरे तर बंद व्हायला हवे होते. फिनलंडमध्ये जुन्या जंगलात पडलेल्या खोडांवर वाढणारी एक बुरशी, तिच्यावर जगणारा एक पतंग आणि पतंगावरची एक पॅरासिटॉइड माशी अशी तीन मजली साखळी तपासली गेली. १२ ते ३२ वर्षांपूर्वी एकाकी पडलेल्या जंगलतुकड्यांत बुरशी होती, पतंग होता, माशी नव्हती. साखळीचा शेंडा खुडलेला.

शेतीशी संबंध जोडला कार्स्टेन थीस आणि चार्न्टके यांनी १९९९मध्ये. रेपसीड या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाच्या फुलांतल्या भुंगेऱ्यांवरच्या गांधीलमाश्या त्यांनी वेगवेगळ्या परिसरांत मोजल्या. जिथे शेताभोवती पडीक, गवताळ, झुडुपी जागा भरपूर, तिथे जास्त भुंगेरे माश्यांना बळी पडत. परिसरातली अशी बिगरशेतीची जागा २० टक्क्यांच्या खाली गेली, की माश्यांनी मारलेल्या भुंगेऱ्यांचे प्रमाण ३२ ते ३६ टक्क्यांच्या खाली जाई. आणि जैविक नियंत्रणाच्या जुन्या नोंदींवरून त्या खाली कीड आटोक्यात आल्याचे दिसत नाही. २० टक्के हा आकडा नंतर फार ठिकाणी नियमासारखा वापरला गेला. एका पिकावरचा, एका भागातला तो आकडा. त्याला इतके वजन देणे मला पटत नाही. पण बांधावरच्या गवताचा हिशोब पहिल्यांदा असा रोकडा मांडला गेला, हे खरे.

एकच फुलपाखरू, दोन नकाशे

फटीचे माप माशीगणिक कसे बदलते, हे पाहायचे तर बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांकडे जावे लागते. तिथे सुमारे चार हजार कोरडी कुरणे आहेत, आणि त्यांपैकी काहींत ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी हे फुलपाखरू राहते. इल्का हान्स्की यांनी १९९३पासून दर शरद ऋतूत या साऱ्या कुरणांची पाहणी सुरू केली. अळ्या एकत्र राहून रेशमाचे जाळे विणतात आणि त्यातच हिवाळा काढतात, त्यामुळे कुठे वस्ती आहे ते नुसते चालत जाऊन कळते. लेव्हिन्स यांचे कागदावरचे सूत्र इथे पहिल्यांदा इतक्या विस्ताराने जमिनीवर तपासले गेले. दरवर्षी काही कुरणांतली वस्ती विझते, काही रिकामी कुरणे नव्याने भरतात.

सास्किया फान नौहाउस यांनी याच कुरणांत अळ्यांवरच्या दोन गांधीलमाश्यांचा पाठपुरावा केला. दोघींचा यजमान एकच, नकाशे पूर्ण वेगळे. कोटेशिया मेलिटिएरम फुलपाखराच्या एका पिढीत स्वतःच्या दोन-तीन पिढ्या काढते, पण दूर जात नाही. नव्या कुरणांत तिचे पोहोचणे साधारण किलोमीटरभराच्या आत. त्यामुळे ती फक्त तिथेच सापडते जिथे कुरणे एकमेकांना खेटून आहेत आणि फुलपाखरू वर्षानुवर्षे टिकले आहे. त्यात तिच्या कोषांवर टपलेली गेलिस ही पंख नसलेली दुसरी गांधीलमाशी. जिथे कोटेशियाचे कोष खूप, तिथे गेलिस त्यांचा फडशा पाडते, आणि एखाद्या कुरणातली कोटेशिया नाहीशी होते. तिच्यासाठी ऑलंड हा मूठभर वाड्यांचा प्रदेश आहे.

हायपोसोटर हॉर्टिकोला मात्र जवळजवळ प्रत्येक कुरणात असते, आणि जवळजवळ प्रत्येक जाळ्यातल्या अळ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तिचा. हे प्रमाण इतके स्थिर आहे की योगायोग म्हणता येत नाही. तिची अडचण वेगळी. अंड्याच्या आत अळी तयार झालेली आहे पण बाहेर पडलेली नाही, त्या थोड्या वेळातच तिला आपले अंडे घालता येते. म्हणून मादी आधीपासूनच फुलपाखराच्या अंड्यांचे पुंजके हुडकून ठेवते, आसपासच्या खुणा लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहून जाते. वेळ भरली की अंडी घालण्याची नळी खुपसून अंडे घालते, आणि काम झाल्यावर पानावर गंधाची खूण सोडते. त्या खुणेमुळे दुसऱ्या माद्या, आणि ती स्वतःही, तो पुंजका टाळतात. उरलेल्या दोन-तृतीयांश अळ्या या खुणेमुळे वाचतात. हायपोसोटरला ऑलंड सलग दिसते. कुरणे तीच, यजमान तोच, फट तीच. एका माशीला ती दरी, दुसरीला उंबरठा.

मधल्या जागेत काय आहे यानेही माप बदलते. उत्तर डकोटाच्या गवताळ प्रदेशात जेम्स क्रोनिन यांनी तुडतुड्यांच्या अंड्यांवरच्या ॲनाग्रस या इवल्या माशीचा अभ्यास केला. तिच्या गवताच्या पुंजक्यांभोवती कुठे उघडा चिखल, कुठे परके गवत. ओसाड चिखलापेक्षा दुसऱ्या गवताकडे माश्या सहज निसटत. म्हणजे फट ही मीटरपट्टीने मोजायची वस्तू नव्हेच.

आकडे तेच, जाळे वेगळे

तोवर बहुतेक अभ्यास एका किंवा मूठभर जातींचे होते. पूर्ण जाळे मांडायला पान पोखरणाऱ्या नागअळ्या सोयीच्या ठरल्या. नागअळीने पानात काढलेली वेडीवाकडी रेघ म्हणजे तिची रोजनिशीच. पान तोडून बाटलीत ठेवले, की झाड कोणते, अळी कोणती आणि त्यातून माशी कोणती निघाली, तिन्ही नोंदी एकदम मिळतात. मध्य अर्जेंटिनातल्या चाको सेरानो या झुडुपी जंगलाच्या १९ तुकड्यांत ग्रासिएला व्हायादारेस, लुसियानो काग्नोलो आणि आद्रियाना साल्वो यांनी हे काम केले. लहान तुकड्यांत जाती कमी, दुर्मीळ आणि एकाच यजमानावर विसंबलेल्या आधी गायब. आणि कोण कोणावर, हे जाळेच आक्रसलेले.

मला जास्त विचारात पाडते ती इक्वेडोरमधली पाहणी. जेसन टिलियानाकिस, चार्न्टके आणि ओवेन लुईस यांनी जंगलापासून भातशेतीपर्यंतच्या ४८ ठिकाणी पोकळ नळ्या टांगल्या. पोकळीत घरटे करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या त्यांत येतात, त्यांच्या पाठोपाठ पॅरासिटॉइडही. २००७मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अधिवास बदलल्याने जातींची संख्या फारशी बदलली नव्हती. नुसती यादी केली असती तर ‘सगळे आलबेल’ असा शेरा पडला असता. पण बदललेल्या अधिवासांत दुवे एकांगी झाले होते: थोडे दुवे अतिशय जाड, बाकीचे नावापुरते. आणि पॅरासिटॉइडांनी मारलेल्या यजमानांचे प्रमाण तिथे उलट वाढलेले. क्लोव्हरच्या वाफ्यांत घटले, इथे वाढले.

यादी अपुरी असण्याचे दुसरे कारण म्हणजे यादीच चुकलेली असते. कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स यांनी दशकानुदशके हजारो जातींच्या अळ्या पाळल्या. त्यांतून निघालेल्या सहा प्रजातींच्या (जीनस, म्हणजे जातींच्या वरचा गट) २,५९७ गांधीलमाश्या २००८च्या अभ्यासात डीएनएवरून तपासल्या गेल्या. नुसत्या दिसण्यावरून १७१ जाती वाटत होत्या. डीएनए आणि यजमानांच्या नोंदी जुळवल्यावर ३१३ झाल्या. अनेक यजमानांवर जगणारी म्हणून जी एक जात समजली जात होती, ती बऱ्याचदा एकेका यजमानाला धरून असलेल्या अनेक जातींची जुळी भावंडे निघाली. आता जुन्या अभ्यासांत ‘तुकड्यातही टिकणारी, कशावरही जगणारी’ म्हणून नोंदलेल्या माश्यांपैकी खरोखर तशा किती, हा प्रश्न उभा राहतो.

तुकडे होणे मुळात वाईटच का, यावरही एकमत नाही. लेनोर फारिग २००३पासून सांगत आल्या आहेत, की अधिवास घटणे आणि उरलेल्याचे तुकडे पडणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजा. घटण्याचा तोटा मोठा आणि निश्चित, नुसत्या तुकड्यांचा परिणाम किरकोळ आणि कधी फायद्याचाही. २०१८ आणि २०१९मध्ये यावर दोन्ही बाजूंनी खडाजंगी झाली. गांधीलमाश्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना आपापला पुरावा सापडतो: फारिग यांना हायपोसोटर, विरोधकांना कोटेशिया.

ऑलंडचीच एक गोष्ट राहिली. १९९१मध्ये हान्स्की यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरीच्या अळ्या मुख्य बेटावरून सोत्तुंगा या दूरच्या बेटावर नेऊन सोडल्या. तिथे हे फुलपाखरू नव्हते. ते तिथे टिकते का, एवढेच पाहायचे होते. काही अळ्यांच्या पोटात हायपोसोटर होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही. काही हायपोसोटरांच्या पोटात मेसोकोरस ही आणखी एक गांधीलमाशी होती, पॅरासिटॉइडवरची पॅरासिटॉइड. आणि काही हायपोसोटरांच्या पेशींत वोल्बाकिया हा जिवाणू होता, ज्याच्यामुळे त्या मेसोकोरसला जास्त सहज बळी पडतात. वस्ती अनेकदा कोसळली, तरी फुलपाखरू आणि दोन्ही माश्या सोत्तुंगावर टिकल्या. १९९२ ते २०१३ या काळात बेटांवरून गोळा केलेल्या ३२३ हायपोसोटर तपासल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या वस्तीत मेसोकोरस पोहोचलीच नाही, तिथे संसर्ग झालेल्या माशीला त्याची किंमत मोजावी लागत नाही. तिथल्या जवळजवळ सगळ्याच हायपोसोटर वोल्बाकिया घेऊन फिरतात.